पाखराच्या बाजूने

मांजर आणि पाखरू एका घरात सुखाने राहतात, फक्त मांजराला लहानपणापासून वळण लावलं पाहिजे, असं मी कित्येक वर्षं मानत होते. येईल-जाईल त्याला ठासून सांगतही होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि वळणावर माझी श्रद्धा आहे. ती नसती तर पहिलीचा वर्ग मला एक दिवसही सांभाळता आला नसता. हट्टी पोर असो की दावं तोडणारं वासरू, वेळ दिला, आवाज न चढवता तीच गोष्ट रोज केली, की ते ऐकतं. मग मांजरानेच काय घोडं मारलंय?

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. घरात काही विपरीत घडलं म्हणून ते बदललं असं नाही. मांजराने पाखरू खाल्लं नाही, पिंजरा पडला नाही, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. तरीही बदललं. ते कसं, हे लिहून ठेवावंसं वाटतं. कारण आमच्याकडचं बघून गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या काही घरांनी फिंचचे पिंजरे आणले आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरांत मांजर आहे.

आमच्याकडे मांजर हौसेपोटी नाही. घर शेतकऱ्याचं. बाजरी-ज्वारीची पोती, पेंड, बियाणं आणि मागे कांद्याची चाळ. उंदीर झाला की नुसतं धान्य जात नाही. त्याच्या वासावर धामण येते, कधी नागही येतो. अंगणात लहान पोर खेळत असेल तर याचा अर्थ काय, ते शेतावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे ‘पाखरं पाळायची तर मांजर देऊन टाका’ हा सल्ला शहरात कदाचित चालत असेल, आमच्याकडे चालत नाही. आमची मांजर मनी या घरात राबते. मांजराचं घरात असणं आधीचं आहे आणि गरजेचंही.

पाखरं आली ती नातवामुळे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याने झेब्रा फिंचची जोडी पाळली होती. पुढे मुलाच्या आणि सुनेच्या कामाच्या वेळा अशा झाल्या की दिवसभर पाखरांकडे बघायला कुणी उरेना, आणि पिंजरा आमच्या गावी, राळेगणसिद्धीला आला. ‘आजी, सुट्टीत मी बघीन, तोवर तू बघ,’ असा करार झाला. नराच्या गालावर नारिंगी डाग, छातीवर बारीक काळे पट्टे, चोच लालभडक. मादी राखी रंगाची, साधी. वजन बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तळहातावर घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटतच नाही. मूळचा हा पक्षी ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला. तिथे पावसाचा नेम नसतो, म्हणून पाऊस होऊन गवताला दाणा धरला की ही पाखरं लगबगीने घरटी बांधायला घेतात. पारनेरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात संसार केलेल्या बाईला हे ऐकून त्यांच्याबद्दल जवळीक वाटली. त्यांचं खाणंही आपल्या ओळखीचं : राळा, वरई, थोडी बारीक बाजरी. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा आणि उकळून, वाळवून कुटलेली अंड्याची टरफलं. राळा आता आमच्याकडे फारसा कुणी पेरत नाही, तो विकतच आणावा लागतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला पुन्हा पुन्हा विचारली जाते. आमच्या बांधावरच्या बाभळीवर मुनियांचे थवे येतात. पांढऱ्या गळ्याच्या, मातकट रंगाच्या, फिंचच्याच जातकुळीच्या. सुगरणींनी सोडलेल्या खोप्यात त्या बिनदिक्कत संसार थाटतात. ‘बाई, विकत कशाला आणायची, हीच धरू की,’ असं पोरं म्हणतात. नाही धरायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी मुनिया पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. बाजारात कधी कधी त्यांनाच हिरवा-गुलाबी रंग फासून परदेशी म्हणून खपवतात. असं पाखरू दिसलं तर घेऊ नये आणि वनखात्याला कळवावं. झेब्रा फिंचची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियाने १९६० साली आपले रानपक्षी बाहेर पाठवणं थांबवलं. आपल्याकडे येतात ती पाखरं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली. ती इथल्या रानात सोडणं ही दयाही नाही आणि शहाणपणही नाही.

तर मनी. पिंजरा आला तेव्हा ती जेमतेम दूध सुटलेलं पिल्लू होती. मी तिला घेऊन पिंजऱ्याखाली बसायची. तिने वर टक लावली की हाक मारून लक्ष वळवायचं, आणि तिने पिंजऱ्याकडे पाठ केली की दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा द्यायचा. रोज, न चुकता. ती शिकली. मोठी झाल्यावर ओसरीवरच्या बाकावर, पिंजऱ्याच्या बरोबर खाली झोपायला लागली. जाळीत तिने कधी पंजा घातला नाही, पिंजऱ्यावर झेप घेतली नाही. गावाचं काम बघायला दूरदूरची माणसं राळेगणला येतात. त्यातलं कुणी ओळखीचं चहाला थांबलं, की वर पाखरं आणि खाली गुरगुटून झोपलेली मनी मी त्यांना कौतुकाने दाखवत असे. फोटो निघत. मला धन्य वाटे.

या मताला शास्त्राचा आधारही आहे, तो मला नंतर कळला. झिंग-यांग कुओ नावाच्या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मांजराच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आई उंदीर मारताना बघत वाढलेली बहुतेक पिल्लं पुढे उंदीर मारणारी निघाली. उंदरांच्याच संगतीत वाढलेल्यांपैकी फार थोड्यांनी उंदीर मारला. म्हणजे शिकार सगळीच रक्तातून येत नाही, संगतीचाही त्यात वाटा असतो. मनीबद्दल मी जे म्हणत होते ते अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. हे मी आजही मानते.

माझ्या धाकट्या जावेला मात्र हे कधीच पटलं नाही. ती शाळा फार शिकलेली नाही, पण जनावरांतली तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी पटीने चांगली. गाय आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती सांगते. एकदा पाहुण्यांसमोर माझं नेहमीचं चालू असताना ती दळणाची पाटी उचलता उचलता म्हणाली, ‘आक्का, मनी गप बसती ते तुम्ही बघताय. पाखराला काय वाटतंय, ते कोण बघतंय?’

पाहुण्यांसमोर मी विषय बदलला. पण तिचं वाक्य राहून गेलं. निवृत्तीनंतर दुपारचा वेळ ओसरीवरच जाई, आणि त्या दिवसापासून मी मनीकडे न बघता पाखरांकडे बघायला लागले.

मनी रानात गेलेली असली की नर गायचा. झेब्रा फिंचचं गाणं म्हणजे कोकिळेसारखं काही नाही. लहान मुलाचं रबरी खेळणं दाबल्यासारखे आवाज, पण त्यात क्रम असतो, तोच तुकडा तो पुन्हा पुन्हा म्हणतो, मादीभोवती उड्या मारत, मान वेळावत. मनी उंबऱ्यातून आत आली, की तुकडा अर्ध्यात तुटायचा. दोघंही सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या दांडीवर जायची. फडफड नाही, ओरडणं नाही. नुसती बसून राहायची. या बसण्याला मी इतकी वर्षं ‘शांत’ म्हणत होते. विसावलेलं पाखरू कसं असतं ते मग मी मुद्दाम पाहिलं : पिसं सैल, अंग गोल, एखादा पाय पोटात घेतलेला, डोळे मिटत-उघडत. मनी आल्यावर दोघांची पिसं अंगाला घट्ट चिकटलेली असत, मान ताणलेली, अंग बारीक झालेलं, आणि डोळा बाकाकडे. मनी तासभर झोपली तर तासभर तशीच. पाण्याला उतरायचं नाही, दाण्याला उतरायचं नाही.

घरट्याचंही तेच. मादी अंडी घालायची, दोघं आळीपाळीने उबवायची. बारा ते चौदा दिवसांत पिल्लू बाहेर यायला हवं. यायचं नाही. मी बाजरीला दोष दिला, उन्हाला दिला, पाखरांच्या वयाला दिला. आता बघायला लागले तर मनी बाकावर आली की जे कुणी घरट्यात असेल ते बाहेर येऊन वरच्या दांडीवर जात होतं, आणि ती उठून जाईपर्यंत परत फिरत नव्हतं. अंडी गार पडायची.

मग मी एक केलं. मनीचा मुक्काम मागच्या पडवीत हलवला आणि मधलं दार लावून घ्यायला लागले. फार दिवस लागले नाहीत. गाणं दुपारभर चालू राहिलं. पुढच्या घरट्यात पिल्लं आली, आणि त्यांचा तो बारीक चिरचिरा आवाज ऐकून जाऊ शेणाच्या हाताने तशीच आत आली. ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

माझी एक भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मावशी, यावर कामं झालीत.’ कॅनडातल्या लियाना झॅनेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तिने मला वाचून दाखवला. तिकडच्या बेटांवर गाणाऱ्या चिमण्यांची घरटी त्यांनी विजेचं कुंपण आणि जाळ्या लावून अशी बंद केली की कुठलाच शिकारी तिथे पोचू नये. मग काही ठिकाणी नुसते शिकारी प्राण्या-पक्ष्यांचे आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवले, काही ठिकाणी निरुपद्रवी आवाज. एकाही पाखराला कुणी हात लावला नाही. तरी शिकाऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्या जोड्यांची त्या हंगामातली पिल्लं ४० टक्क्यांनी कमी भरली. अंडी कमी, उबलेली कमी, जगलेली कमी. दुसरा प्रयोग इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, २०१३चा. घरट्याजवळ पेंढा भरलेलं मांजर फक्त पंधरा मिनिटं ठेवलं, आणि ते उचलून नेल्यावरही आईबापांनी पिल्लांना चारा आणणं एक तृतीयांशाहून जास्त कमी केलं.

मेलेलं मांजर आणि पंधरा मिनिटं. आमची मनी जिवंत होती आणि रोज दुपारी झोपत होती. मी प्रश्नच मनीबद्दलचा विचारत आले होते : ती मारील का? तिला शिकवता येईल का? त्या प्रश्नांची उत्तरं मला हवी तशी मिळाली. पण घाबरतं कोण, याचा विचार मांजराच्या बाजूने करून भागत नाही. मनीला वळण लागलं. पाखरांना ते लागलं नाही, आणि लागावं अशी अपेक्षा धरण्याचा मला काय अधिकार? लाखो वर्षं ज्या सावधपणावर त्यांची जात जगली, तो मी भाकरीच्या तुकड्याने घालवणार होते का?

गाण्याचं तर आणखी मोठं आहे. झेब्रा फिंचचं गाणं जन्माबरोबर येत नाही. पिल्लू घरट्याबाहेर पडल्यावरच्या दोन-अडीच महिन्यांत बापाचं ऐकून ऐकून ते शिकतं, घोटतं, आणि साधारण तीन महिन्यांचं झालं की ते गाणं पक्कं होतं, मग जन्मभर तेच. क्लाउस इमेलमान या जर्मन अभ्यासकाने झेब्रा फिंचची पिल्लं दुसऱ्या जातीच्या फिंचकडे वाढवायला दिली, तर ती पालक बापाचं गाणं शिकली. मादी गात नाही. ती ऐकून जोडीदार निवडते. आणि २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या मिलेन मॅरिएट आणि कॅथरिन ब्युकॅनन यांनी दाखवलं, की हवा तापलेली असली तर आईबाप अंड्यातल्या पिल्लालासुद्धा एक विशिष्ट हाक देतात आणि ती ऐकून जन्मलेलं पिल्लू उन्हाला साजेशा बेताने वाढतं. अंड्याशी बोलणारं पाखरू! आमच्या ओसरीवर एप्रिल-मेच्या उन्हात अंडी होती आणि त्यांच्याशी बोलायला त्या घरट्यात कुणी टिकत नव्हतं. भाचीने हे वाचून दाखवलं त्या रात्री मला झोप आली नाही.

माझं कुठे चुकलं, ते मला आमच्याच गावाच्या कामावरून उमगलं. मी १९८४ साली लग्न होऊन या गावात आले. अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परत आले आणि यादवबाबांच्या देवळापासून कामाला सुरुवात झाली, ते मी सासूबाईंकडून ऐकलेलं. पण बांधबंदिस्ती, नाल्यांवरची कामं, डोक्यावर पाट्या घेऊन केलेलं श्रमदान हे मी केलेलं आहे. श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही पंचसूत्री आमच्या गावातल्या पोराला पाढ्यासारखी येते. मला आता सगळ्यांत जास्त आठवते ती चराईबंदी. डोंगराला झाडं लावायची आणि शेळ्यांनी ती खायची. यावर गावाने काय केलं? शेळीला कोवळा पाला खाऊ नको असं कुणी शिकवायला गेलं नाही. शेळी वाईट असंही कुणी म्हटलं नाही. माणसांनी स्वतःवर बंधन घातलं : जनावर मोकळं सोडायचं नाही, वैरण कापून गोठ्यात आणून घालायची. कष्ट वाढले ते माणसाचे. शेळीही जगली, डोंगरही हिरवा झाला. चाळीस वर्षं मी याच गावात राहिले, हे सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, आणि स्वतःच्या ओसरीवर मात्र मांजराच्या स्वभावाशी झटत बसले. बंधन घालून घ्यायचं होतं ते मी.

म्हणून आता आमच्याकडे पिंजरा ओसरीवर नाही. पूर्वेच्या बाजूला पेंडीची खोली होती, ती पाखरांची केली. हा खर्च आणि ही उठाठेव प्रत्येकाला झेपेल असं नाही, पण ज्याला करायचं आहे त्याने काय बघावं, ते सांगते.

मांजराला पाखरू दिसता कामा नये, हे पहिलं. आम्ही खिडकीचा खालचा अर्धा भाग पत्र्याने बंद केला, बाहेरचा कट्टा तोडला आणि जवळचं पेरूचं फांदोरं छाटलं, म्हणजे मनीला चढून बसायला जागाच नको. खिडकीला दोन जाळ्या आहेत, एक आतून आणि एक बाहेरून, मध्ये वीतभर अंतर. बाहेरच्या जाळीला मांजर लटकलं तरी पंजा आत पोचत नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी नको, ती सैल होते आणि दात-नखांपुढे टिकत नाही. पण उंदराचं लहान पिल्लू अर्ध्या इंचातूनही घुसतं आणि उंदीर अंडी-पिल्लं सोडत नाही, म्हणून खालच्या दोन हातांना पाव इंचाची जाळी. नव्या जाळीवरच्या जस्ताचे कण पाखरं चोचीने ओरबाडतात आणि त्याची विषबाधा होते. लावण्याआधी ती व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवावी.

दार एक नसावं, दोन असावीत, मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन्हींना स्प्रिंग आणि कडी, कारण दाणापाणी घेऊन जाणाऱ्याचे दोन्ही हात भरलेले असतात आणि मांजर पायातून निघतं. हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा, पाहुण्यानेसुद्धा.

पिंजरा छताला टांगून सुरक्षित होतो, हा समज सगळीकडे आहे. मांजर जागच्या जागी पाच फूट सहज उडतं, आणि पोत्यावरून, कपाटावरून, पडद्यावरून तर आणखी वर. टांगलेला पिंजरा झुलतो, त्यात पाखरं आपटतात. भिंतीला घट्ट बसवलेला, लांबीला तीन फुटांहून अधिक असा आडवा पिंजरा बरा. फिंच वरखाली उडत नाहीत, आडव्या उडतात. गोल पिंजरा तर घेऊच नये. एकटं पाखरू ठेवू नये.

रात्रीचं वेगळं आहे. अंधारात कसल्याशा चाहुलीने ही पाखरं एकदम उधळतात आणि जाळीवर आपटून जखमी होतात. मंद दिवा लागतो, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून बॅटरीवरचाही एक ठेवला आहे. चुलीचा धूर, डासांची कॉइल, अगरबत्ती या खोलीजवळ नाही. सून आली तेव्हा तिला एवढंच सांगावं लागलं की नॉनस्टिक तवा रिकामा तापवायचा नाही. त्याच्या वाफेने पाखरं मिनिटांत मरतात आणि माणसाला वासही येत नाही. कांद्यावर फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलूनच आत जायचं.

आणि इतकं करूनही मांजराचा दात किंवा नख लागलंच, तर ‘वरून काही दिसत नाही, उडतंय की’ म्हणून थांबायचं नाही. हे भाचीने मला दोनदा बजावून सांगितलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात; सुईच्या टोकाएवढ्या जखमेतूनही ते रक्तात जातात आणि पाखरू एक-दोन दिवसांत जातं. पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात मऊ कापड घालून त्यात ते अंधारात, उबेत ठेवायचं, तोंडात बळेच पाणी घालायचं नाही, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. प्रतिजैविक वेळेवर पडलं तर आशा असते.

मनीचं काय, असं कुणीच विचारत नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. बंद दारापलीकडे तिला नुसतं हुसकावलं असतं तर तिच्यावर अन्याय झाला असता. तिला चाळीकडची पडवी आहे, चढायला माळा आहे, वेळेवर खाणं आहे. तिचं ऑपरेशन करून घेतलं, रेबीजची लस दर वर्षी देतो. पूर्वी मला वाटायचं की शेतावरच्या भाटीला पिल्लं होऊ द्यावीत, उंदरांना तेवढी मांजरं हवीतच. आता वाटतं, सांभाळता येतील तेवढीच असावीत. माळ्यावर उंदीर कमी म्हणजे पाखरांच्या खोलीकडेही उंदीर कमी. मनी एका परीने त्यांचीही राखण करते, फक्त त्यांच्या नजरेआडून.

दोन बाजूंनी मला बोलणारे आहेत. आमचे एक भाऊजी म्हणतात, पाखरांना पिंजऱ्यातच ठेवायचं तर एवढा पुळका कशाला, सोडून द्या. हे ऐकायला बरं वाटतं, पण सोडलेली झेब्रा फिंच शिक्र्याच्या किंवा मांजराच्याच तोंडी जाईल, किंवा भुकेने मरेल. पिंजऱ्यात पाखरू असावं का, यावर माझं मन अजून दोलायमान आहे. ही जोडी गेल्यावर मी नवी आणणार नाही, एवढं ठरलं आहे. पिल्लं झाली ती आहेत, ती त्यांच्या आयुष्यभर सांभाळायची, आणि आता घरट्याची टोपली काढून ठेवली आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, बाई, तुमचं मांजर तर किती गुणी होतं, मग एवढं सगळं कशाला? त्यांना मी खोलीत नेते, दोन्ही दारं लावून. कोपऱ्यात बसवते. बोलू देत नाही. थोड्या वेळात पाखरांना आपला विसर पडतो आणि नर गायला लागतो. मागच्या वर्षीच्या पिल्लांपैकी एक नर बापासारखाच तुकडा म्हणतो, शेवटचा सूर किंचित लांबवून. खिडकीबाहेर बाभळीवरच्या मुनिया कधी कधी या आवाजाला उत्तर देतात.

त्या मुनियांचा प्रश्न मात्र मी अजून पुरता सोडवलेला नाही. खोलीतली पाखरं सुरक्षित झाली, बांधावरची नाहीत. मनी पहाटे आणि संध्याकाळी शिकारीला निघते, आणि नेमक्या त्याच वेळी मुनिया पाण्याला उतरतात. म्हणून ते दोन प्रहर तिला पडवीत कोंडायला सुरुवात केली आहे. पाण्याचं मातीचं भांडं झुडपापासून दूर, उघड्यावर, उंच दगडावर नेलं आहे. सुगीच्या दिवसांत, चाळीत उंदीर वाढतो तेव्हा, पहाटे कोंडणं जड जाईल. तेव्हा काय करायचं, ते जावेशी बोलून ठरवायचं आहे. आणि पावसाआधी आतल्या दाराची स्प्रिंग बदलायची आहे, ती सैल पडली आहे.